कडूताईंची बोटं

“एका श्वासाला एक मणी. घाई करायची नाही, मधे कुणाशी बोलायचं नाही, आणि कुणी बोललंच तर ते ऐकायचंसुद्धा नाही.”

बायडाबाई सिस्टरांचं हे सांगणं कडूताईंच्या कानात असं काही बसलं होतं, की बाळाशेजारी मांडी घातली की आधी तो खर्जातला आवाजच ऐकू यायचा. बायडाबाई म्हणजे निंभारवाडीच्या उपकेंद्रातल्या जुन्या नर्स. त्यांना देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं नाव निघालं की कडूताई अजून पदर सारखा करत.

कडूताई आशा सेविका म्हणून नव्यानं लागल्या, तेव्हाची गोष्ट. घरोघर जाऊन बाळंतीण बघायची, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा आणि त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, हे त्यांचं काम. वजन जमलं, ताप जमला, श्वास मात्र जमेनात. तिसाच्या पुढं गाडी गेली की घरातलं कुणीतरी विचारायचं, ताई, चहात साखर किती टाकू? ताई म्हणायच्या, बेतानंच टाका. तेवढ्यात आकडा हातातून निसटायचा. शेवटी बायडाबाईंनी राहुरीच्या बाजारातून काचेच्या जाड मण्यांची एक सर आणली आणि त्यांच्या ओंजळीत ठेवली. मोजायचं काम मण्यांवर सोपव, म्हणाल्या, तू फक्त बाळाकडं बघ. पहिले कित्येक महिने त्या स्वतः शेजारी बसत, कडूताईंचा हात बघत, बाळाचं पोट बघत. मग त्यांची बदली झाली, पुढं त्या निवृत्त झाल्या आणि एके दिवशी गेल्याचंच कळलं.

ती काचेची सर काही फार टिकली नाही. एका घरी मोठ्या भावंडानं ती ओढली आणि मणी बाजेखाली, चुलीपाशी, कोंबड्यांच्या डालग्यापर्यंत पळाले. त्या दिवशी कडूताईंच्या पिशवीत त्यांची स्वतःची तुळशीची माळ होती. सकाळी आंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं की त्या माळेवर जप करायच्या आणि तो पुरा झाल्याशिवाय चहाचा घोट घ्यायच्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. तर त्या दिवशी अडलं म्हणून तीच माळ काढली, कपाळाला लावली आणि श्वास मोजले. मोजणी सोपी गेली, हात कुठं अडखळला नाही. मग तीच माळ चालू राहिली.

गावाला तर ते भलतंच मानवलं. कडूताई मोजायला बसल्या की टीव्ही बंद व्हायचा, सासवा डोक्यावर पदर घ्यायच्या, दारातली पोरं हाकलली जायची. कडूताईनं मणी ओढलं म्हणजे लेकराला काही धास्ती नाही, असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. गावातला पुंजाराम एकदा खोकणारं वासरू घेऊन दारात उभा राहिला होता. ह्याच्यावरबी जरा मणी वढा, म्हणाला. कडूताईंनी त्याला हसून जनावरांच्या दवाखान्याची वाट दाखवली होती. असलं काही नसतंय, हे नुसतं मोजणं हाय, असं त्या सगळ्यांना सांगायच्या, पण आवाज मुळातच इतका हळू, की सांगितलेलं पुढच्या घरापर्यंत पोचायचं नाही.

त्यांच्या नावाचीही एक गोष्ट होती. त्यांच्या आईची आधीची लेकरं राहिली नव्हती. ही तरी राहावी, वरच्याला हिची चव लागू नये, म्हणून आईनं नाव ठेवलं कडू. गावात त्यावरून चेष्टा व्हायची, आणि ती सगळ्यात जास्त बनुबाई करायची. बनुबाई नात्यानं त्यांची लांबची चुलतसासू, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. आवं, हिचं नाव कडू ठेवलं त्या बाईला आपल्या कारखान्याची साखर खाऊ घाला, असं ती चारचौघींत म्हणायची.

ह्या हिवाळ्यात नगरहून एक नवी प्रशिक्षक आली. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तरी बायकांच्या तोंडी नगरच होतं. भार्गवी तिचं नाव. स्वतः नर्सिंग शिकलेली, कडूताईंच्या लेकीच्या वयाची, स्कूटरवरून यायची आणि हेल्मेट काढलं की केसांना घाईघाईनं चाप लावायची. आरोग्य केंद्राच्या हॉलमध्ये तिनं सगळ्या आशांना बसवलं आणि विचारलं, तुम्हाला कशाचं प्रशिक्षण हवंय? कुणी मोबाईलमधल्या ॲपचं म्हणाली, कुणी बीपीच्या मशीनचं. मागून एक आवाज आला की प्रशिक्षण कसलंबी चालंल, पण पंख्याखाली ठेवा. हशा पिकला.

मग नेहमीची रबरी बाहुली निघाली. बाळाला कसं गुंडाळायचं, कसं धरायचं, सगळ्यांनी करून दाखवलं. श्वास किती वेळ मोजायचे, असं भार्गवीनं विचारलं आणि नेहमीसारखं सगळ्यांच्या आधी कडूताईंनी उत्तर दिलं, पूर्ण एक मिनिट. आणि लहान बाळाचे किती झाले की दवाखान्यात न्यायचं? साठ किंवा त्याच्या वर. बाकीच्यांनी माना डोलावल्या. भार्गवीनं मात्र बाहुलीच्या न हलणाऱ्या पोटाकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, आता मी एकेकीबरोबर घरोघर येणार आहे. पहिली कोण?

कडूताईंनीच हात वर केला. मनात थोडा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

ठरलेला दिवस मार्गशीर्षातला गुरुवार निघाला. कडूताईंचा उपास होता. त्यांनी पहाटेच घट मांडायची जागा सारवून ठेवली, जप केला आणि पांढरी कॉलर लावलेला कोट साडीवर चढवून भार्गवीची वाट बघत उभ्या राहिल्या. कुठल्या घरी न्यायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. बनुबाईच्या घरी. बनुबाईची सून सृष्टी बाळंत होऊन सव्वा महिना व्हायचा होता. मुलगी झाली होती, नाव अजून ठेवलं नव्हतं, सगळे तिला चिऊ म्हणत. घर जाणतं, माणसं मायेची, मॅडमसमोर आब राहील असं.

बाळंतिणीची खोली बनुबाईच्या रीतीप्रमाणं बंद होती. खिडकीला चादर, बाजेखाली शेगडी, ओव्याच्या धुरीनं डोळे चुरचुरावेत असा वास. सृष्टीच्या उशाखाली विळा. भार्गवीनं आत येताच खिडकीकडं बघितलं आणि कडूताई ओशाळल्या. मागच्या फेरीला त्यांनी धुरी बंद करायला सांगितलं होतं. बनुबाईनं हो म्हटलं होतं आणि मग तिला वाटेल तेच केलं होतं.

वजन झालं. वाढ थोडी कमी होती. मग कडूताईंनी मोबाईलवर एका मिनिटाचा गजर लावला, चिऊच्या अंगावरचं दुपटं बाजूला केलं, माळ कपाळाला लावली आणि बसल्या. बनुबाईनं भार्गवीच्या कानाशी लागून सांगितलं, “आता बोलू नका बरं का मॅडम. आमच्या कडूचं चाललंय.”

खोलीत शांतता झाली. कडूताईंच्या पापण्या अर्ध्या मिटल्या. अंगठा मणी मागं सारत राहिला, शांत, एका चालीत, सकाळी देवासमोर चालायचा तसा. गजर वाजला. त्यांनी मणी मोजले आणि हसून मान वर केली.

“बेचाळीस. देवाच्या दयेनं चांगलं हाय.”

बनुबाईनं बाळावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली आणि कडूताईंसाठी उपासाचं दूध तापवायला आत गेली. भार्गवी जागची हलली नाही. ती आता बाजेच्या अगदी कडेला, कडूताईंच्या खांद्याला खांदा लागेल अशी टेकली.

“ताई, आणखी एकदा मोजूया? या वेळी माळ पिशवीत राहू दे. डोळे उघडे ठेवा आणि फक्त पोटाकडं बघा. प्रत्येक श्वासाला नुसतं हं म्हणा. वेळ मी लावते, आकडेही मीच मोजते.”

कडूताईंना ते थोडं लागलं. इतक्या वर्षांत त्यांचं मोजणं परत कुणी मोजलं नव्हतं. पण त्या वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी माळ पिशवीत ठेवली आणि खाली वाकल्या.

हं, म्हणाल्या. हं. हं. आणि मग त्यांना कळेना की आपल्याला धाप का लागतेय. चिऊचं पोट पळत आलेल्या कोकराच्या कुशीसारखं हलत होतं. एक हं ओठाबाहेर पडेपर्यंत पुढचा श्वास येऊन ठेपत होता. बरगड्यांच्या खाली कातडी दर वेळी आत ओढली जात होती, एवढीशी, पण ओढली जात होती. हे मगाशी कुठं होतं? मगाशीही इथंच होतं. ह्याच बाजेवर, त्यांच्या हाताच्या अंतरावर.

गजर वाजायच्या आधीच भार्गवी साठाच्या पुढं गेली होती. तिनं आकडा मोठ्यानं सांगितला नाही. तो टिपलेला मोबाईल फक्त कडूताईंच्या समोर धरला.

मग ते बेचाळीस कुणाचे? त्यांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या जपानं त्या अंगठ्याला एक चाल लागली होती. मणी हातात आला की तो तीच चाल धरायचा, समोर देव असो की बाळ. ते श्वास चिऊचे नव्हतेच. ते त्यांच्या नामाचे होते.

बनुबाई दुधाचा पेला घेऊन बाहेर आली. भार्गवीनं तिला समजावून सांगितलं की बाळाचा श्वास जोरात चाललाय, छाती आत ओढतेय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. बनुबाईनं ऐकून घेतलं आणि पेला कडूताईंच्या पुढ्यात ठेवला.

“सव्वा महिना झाल्याबिगर आमी लेकरू उंबऱ्याबाहेर काढत न्हाई, मॅडम. आन आत्ताच कडू म्हनली ना चांगलं हाय? तुमी काल आलेल्या. आमच्या कडूनं ह्या गावातली सगळी पोरं मोजल्याती. माझ्या रविराजचा थोरला पोरगासुदीक.”

“आई, कालपासून चिऊ नीट पीत न्हाई,” सृष्टी बाजेवरून हळूच म्हणाली. “मी म्हनलं हुतं तुम्हाला.”

“तू म्हनलीस गं. कडू म्हनली का?”

भार्गवीला बोलता आलं असतं. तिच्याकडं आकडा होता, शिक्षण होतं, गळ्यात ओळखपत्र होतं. पण तिनं फक्त कडूताईंकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली, जणू पुढची पाळी कुणाची ते तिला ठाऊक होतं.

दुधावर साय धरत होती. कडूताईंच्या मनात काय काय येऊन गेलं. आज हे तोंडातून निघालं की उद्या कुणाच्या दारात पाऊल ठेवायचं? ज्या बायका टीव्ही बंद करून पदर घेतात, त्या काय म्हणतील? मॅडमच सांगू देत, आपण मान हलवू, असंही एकदा वाटलं. पण बनुबाई मॅडमचं ऐकणार नव्हती. ह्या घरात एकाच माणसाचा शब्द चालत होता आणि त्या माणसानं मगाशी चुकीचा शब्द दिला होता. चिऊनं झोपेतच कण्हल्यासारखा बारीक आवाज केला.

“आत्याबाई,” कडूताई म्हणाल्या, “मगाशी माझं चुकलं.”

बनुबाईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“ते श्वास चिऊचे न्हवते. माझ्या जपाचे हुते. माळ हातात आली आन बोटं आपल्या सवयीनं चालत ऱ्हायली. मी तिच्याकडं बघितलंच न्हाई. आता डोळं उघडून बघितलं. लेकराला धाप लागलीय.”

“म्हंजी इतकी वर्सं तू...”

“त्येच्यासाठी मला मागनं धरा, आत्याबाई. आधी पोरीला धरा.”

बनुबाईच्या चेहऱ्यावर राग होता, का भीती होती, का दोन्ही, सांगता आलं नसतं. मग ती एकदम वळली आणि सृष्टीची शाल शोधायला लागली. गरम टोपी कुठं ठेवलीस, पाण्याची बाटली घे, दूधवाल्या मच्छिंद्राला हाक मार कुणीतरी, त्येचा टेम्पो दारातच हाय, असं तिचं तोंड सुरू झालं आणि सगळ्यांना बरं वाटलं. सरकारी गाडीला फोन लावला होता, पण ती लांबच्या गावाला गेली होती. दुधाचे कॅन उतरवून मच्छिंद्रनं टेम्पोची केबिन मोकळी केली.

निघताना बनुबाई अडखळली. बाळ-बाळंतिणीला लोखंडाशिवाय बाहेर कसं काढायचं? विळा दवाखान्यात नेता येईना. तिनं आपल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन काढली आणि चिऊच्या दुपट्याला टोचली. कडूताईंना वाटलं, आता मॅडम काहीतरी बोलतील. भार्गवीनं पिन नीट बसलीय ना, टोक लागत नाही ना, एवढंच चाचपून पाहिलं.

वाटेत कडूताईंनी चिऊला सृष्टीच्या पदराआड, उघड्या छातीशी, उभी धरायला लावली आणि वरून शाल लपेटली. हे त्यांना पक्कं येत होतं. एकदा बायडाबाईंनी शेजारी बसून त्यांच्या हातानं करून घेतलं होतं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं टेम्पो अडकला तेव्हा मच्छिंद्रनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. त्या सगळ्या गोंगाटात कडूताई शालीच्या फटीतून चिऊच्या पोटाकडं बघत राहिल्या. नाम आपोआप ओठावर येत होतं. त्या ते येऊ देत होत्या, फक्त नजर काढत नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि लगेच दाखल करून घेतलं. न्यूमोनियाची सुरुवात होती. सुई दिली, उबेत ठेवलं. वेळेवर आणलंत, म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर मला नगरला पाठवावं लागलं असतं. एवढं सांगून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. बनुबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं पदरात तोंड झाकलं.

दुपारनंतर रविराज कारखान्यातून आला. अंगाला मळीचा वास, डोळे तारवटलेले. काय झालं, कुणी आणलं, तो विचारत होता. कडूताई भिंतीच्या आणखी कडेला सरकल्या. आता बनुबाई सगळं सांगणार. सांगायलाच पाहिजे.

“कडूनं आनलं,” बनुबाई म्हणाली. आणि थोडं थांबून, “आधी चुकली. मग आनलं.”

रविराजला त्यातलं काही समजलं नाही. तो आत बाळाकडं गेला. बनुबाईनं पिशवीतून एक केळं काढलं आणि कडूताईंच्या मांडीवर ठेवलं. कडूताई म्हणाल्या, पूजा व्हायचीय अजून. घट मांडायचा तसाच राहिला.

“खा मुकाट्यानं. देवीला कळतंय कोन कुटं बसलंय,” बनुबाई म्हणाली. “आन रडू नको. माझ्या तोंडाकडं बघून इथल्या नर्सा घाबरल्यात, तुझं तोंड बघितल्यावर पळून जातील.”

कडूताईंनी केळं सोललं खरं, पण ते दोन घासांपुढं गेलं नाही. चिऊ दूध प्यायला लागली, श्वास थोडा हळू झाला, असं नर्सनं आतून येऊन सांगितलं तेव्हा ऊन व्हरांड्याच्या कठड्यावरून उतरलं होतं. भार्गवी दोन कागदी कप घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली, पुन्हा तशीच, खांद्याला खांदा लागेल अशी.

“मला काढून टाकतील का हो मॅडम?”

“कशासाठी?”

“किती लेकरं मोजली मी अशी. कुनाचं काय झालं असतं तर? झालंबी असंल, मला कुटं ठावं हाय.” त्यांचा आवाज अगदी तळाला गेला. “बायडाबाईंनी शिकवलं हुतं. त्यांचं नाव खराब केलं मी.”

भार्गवीनं सगळं विचारून घेतलं. काचेची सर कशी होती, ती कधी तुटली, तुळशीची माळ कशी आली. मग म्हणाली, त्यांचं काही चुकलं नव्हतं ताई. काचेच्या मण्यांवर तुमचा जप नव्हता, म्हणून बोटं बाळाचं ऐकत होती. आणि त्या शेजारी बसायच्या. आम्ही नाही बसलो. तुमची इतकी प्रशिक्षणं झाली, दर वेळी आम्ही बाहुली आणली आणि तुम्ही उत्तरं दिलीत. बाहुलीला श्वास नसतो. मग मोजणं बरोबर की चूक, ते कुणाला कळणार?

“परवा तुम्ही विचारलं ना, कसलं प्रशिक्षण पायजे,” कडूताई म्हणाल्या. “तवा मला काय सुचलं न्हाई. आता सांगते. कुनीतरी असं शेजारी बसलं पायजे. वरसातनं एकदा का हुईना.”

भार्गवीनं मान हलवली आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला. कप ओठाला लावता लावता कडूताई थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला.

“आता काय झालं?”

त्यांना नेवाशाची फेरी आठवली होती. पैसखांबाचं दर्शन घेऊन येताना त्यांनी तुळशीच्या माळा आणल्या होत्या, प्रसाद म्हणून, आसपासच्या वस्त्यांवरच्या आशांसाठी. वरच्या वस्तीची विजया तेव्हा नवीनच लागली होती आणि श्वास मोजताना आकडा विसरते म्हणून रडवेली झाली होती. कडूताईंनी मोठ्या मायेनं माळ तिच्या हातात ठेवली होती, मणी कसा सारायचा ते दाखवलं होतं, आणि वर सांगितलं होतं की रोज सकाळी देवासमोरपण हीच वापर, हाताला वळण लागंल. बाकीच्या दोघीतिघींनाही तेच सांगितलं होतं.

हे सगळं ऐकून भार्गवी हसली नाही. ती म्हणाली, मी पुढच्या आठवड्यात सगळ्यांची मीटिंग लावते, तिथं सांगू.

“मिटिंगीत नको.” कडूताईंनी कप खाली ठेवला. “मिटिंगीत समद्या व्हय म्हनत्यात. मीच न्हाई का म्हनत आले? आन विजया लई लाजरी हाय, चारचौघीत तिला धरलं तर ती काम सोडंल. मी जाते. एकेकीकडं जाते आन त्यांच्याबरूबर बाळापाशी बसते. माझं काय झालं ते मीच सांगते.”

“सगळ्यांकडं?”

“सगळ्यांकडं. चिऊ घरी आली की निघते. शब्द दिला.”

चिऊ घरी आली तेव्हा बनुबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. खिडकीची चादर निघाली होती. धुरीचं मडकं गोठ्यात गेलं होतं, डासांना तरी लागू पडंल म्हणून. कडूताई त्याच दिवशी मोजायला गेल्या, पण उंबऱ्यापाशी त्यांचे पाय घुटमळले. आतमध्ये शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. बातमी गावभर झाली होती, ती व्हायचीच.

“ये की आत, का आता आमंत्रन देऊ?” बनुबाई ओरडली. “टीव्ही चालूच ऱ्हाऊ द्या गं. हिला गप्प बसलं की झोप लागती.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कडूताईही हसल्या आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या बाजेवर टेकल्या. सृष्टीला म्हणाल्या, मी हं म्हणते, तू मोज. सृष्टी आधी लाजली, मग मोजायला लागली, आणि चाळिसाच्या आसपास मालिकेतली सासू ओरडल्यामुळं चुकली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी बनुबाईनंच उठून टीव्हीचा आवाज बारीक केला. श्वास बरोबर होता. खरोखरच बरोबर होता. कडूताईंनी तो दोनदा बघितला.

“आता तू गावभर फिरून सांगनार म्हनं, माझं चुकलं म्हनून,” शेजारणी गेल्यावर बनुबाई म्हणाली. “लाज न्हाई वाटत?”

“वाटती.”

“मग?”

कडूताईंनी चिऊची टोपी सारखी केली. थोड्या वेळानं बनुबाई आतून शेंगदाण्याचे लाडू एका फडक्यात बांधून घेऊन आली. वरच्या वस्तीला जाशील तर विजयाला दे, म्हणाली, ती पोरगी वाळकी हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूताईंचा जप झाला, चहा झाला. आसाराम, त्यांचे यजमान, गोठ्यात धार काढत होते. आज कुठली फेरी, त्यांनी न बघताच विचारलं. आज फेरी नाही, कडूताई म्हणाल्या, विजयाकडं जाऊन येते. तिच्या वस्तीवर एक बाळंतीण आलीय, तिथं तिच्याजवळ जरा बसायचंय. आसारामांनी वर पाहिलं. ऊन तापायच्या आत ये, एवढंच म्हणाले.

त्यांनी दार ओढून घेतलं. कालव्याला आवर्तन सुटलं होतं, पाणी काठोकाठ चाललं होतं. विजयाला पहिलं वाक्य काय बोलायचं, ते त्यांनी रात्री ठरवलं होतं, ते आता आठवेना. आठवेल वाटेत, नाही आठवलं तर तिच्या शेजारी बसल्यावर सुचेल. त्यांनी लाडवांचं फडकं या हातातून त्या हातात घेतलं आणि कालव्याच्या कडेनं वरच्या वस्तीची वाट धरली.